शाईनं गोष्ट काढायची म्हणजे: ओव्हिडची म्हातारी, लंगडं टेबल आणि एक खापर

मागच्या उन्हाळ्यात भाचीचा फोन आला, "मामा, एक चित्र पाहिजे, पानभर, काळं-पांढरंच, रंगीत छपाई परवडून नाही राहिली." ती पोरांसाठी जुन्या लॅटिन गोष्टी सोप्या मराठीत आणून ए-फाइव्ह साइजची छोटी पुस्तिका करत होती, आणि माझ्या वाट्याला आली बॉकिस आणि फिलेमॉनची गोष्ट. म्हटलं दोन दिवसांचं काम आहे. साडेतीन आठवडे लागले, त्यातले दोन आठवडे पूर्ण फुकट गेले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून कसं करायचं ते लिहून ठेवतोय.

गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओव्हिड हा रोमन कवी, जन्म इ.स.पू. ४३, सम्राट ऑगस्टसनं त्याला इ.स. ८ मध्ये काळ्या समुद्राकाठी हद्दपार केलं. त्याचं रूपांतरांच्या गोष्टींचं १५ भागांचं मोठं काव्य आहे, त्यातल्या आठव्या भागात ही गोष्ट येते. देवांचा राजा ज्युपिटर आणि त्याचा पंखवाला दूत मर्क्युरी साध्या माणसांच्या वेशात फ्रिजियात (आताच्या तुर्कस्तानात) फिरतात, हजार घरांची दारं ठोठावतात, सगळी बंद, शेवटी एका झोपडीचं दार उघडतं. आत म्हातारा फिलेमॉन आणि म्हातारी बॉकिस, नोकर ना चाकर, ओव्हिड म्हणतो अख्खं घर म्हणजे हे दोघंच, हुकूम देणारे तेच आणि पाळणारेही तेच. ते असेल नसेल ते पाहुण्यांपुढे ठेवतात, वाईनचं भांडं आपोआप भरायला लागतं, तेव्हा कुठं कळतं की हे देव आहेत. मग सगळं गाव पाण्याखाली, झोपडीचं देऊळ, आणि दोघांनी मागितलं होतं तसं दोघं एकाच वेळी जातात, म्हणजे मरत नाहीत, एक ओक होतो आणि एक लिंडन.

आता पहिली चूक, जी मी केली आणि तुम्हीपण करणारच. गोष्ट वाचली की डोक्यात शेवट राहतो, म्हणून मी लगेच दोन झाडं काढायला बसलो, खोडात चेहरे, फांद्यांचे हात, एकमेकांत गुंतलेले वगैरे. चार दिवस घासून जे तयार झालं ते वनखात्याच्या वृक्षारोपणाच्या पोस्टरसारखं दिसत होतं. बायकोनं बघून विचारलं, "हे झाडं लावा झाडं जगवा आहे का?" फाडलं नाही, पण फाईलमध्ये घातलं. अडचण अशी आहे की चमत्काराचा क्षण शब्दात छान वाटतो कारण तो घडत असतो, चित्रात तो थिजतो आणि गंमतीचा होतो. म्हणून माझं मत सरळ आहे, रूपांतराची गोष्ट काढायची असेल तर रूपांतर काढू नका, त्याच्या बरंच आधीचं काहीतरी शोधा, जे हातानं होतं.

ते शोधायचं कसं, तर गोष्ट सारांशावरून नको, मूळ किंवा चांगला पूर्ण अनुवाद घेऊन ओळीओळीनं वाचायची, आणि हातात पेन्सिल घेऊन फक्त वस्तू लिहून काढायच्या. भावना नाही, वस्तू. मी दुसऱ्यांदा असं वाचलं तेव्हा दोन पानं भरली. छप्पर गवताचं आणि दलदलीतल्या बोरूचं. दार इतकं बुटकं की देवांना मान वाकवून आत यावं लागतं (हा पण चित्राचा जबरदस्त क्षण आहे, कोणाला पाहिजे तर घ्या). म्हातारी कोमट राख बाजूला करून कालचा विस्तव जागा करते, पानं आणि वाळकी साल टाकून फुंकते. काळ्या तुळईला टांगलेलं धुरकटलेलं डुकराचं मांस, म्हातारा ते दोन दातांच्या काठीनं खाली काढतो. बाज विलोच्या लाकडाची, त्यावर पाणगवताची गादी. कोमट राखेत हलकेच फिरवलेली अंडी, मुळा, चीज, मधाचं पोळं. आणि एकच एक हंस, घराचा राखणदार.

आणि मग ती ओळ आली. म्हातारी वस्त्र खोचून, थरथरत्या हातांनी टेबल मांडते, टेबलाला तीन पाय आणि तिसरा आखूड, म्हणून ती त्याखाली खापराचा तुकडा सरकवते, टेबल सरळ होतं, मग हिरव्या पुदिन्यानं पुसून घेते.

मी तिथंच थांबलो राव. काटोलकडे आमच्या आजीच्या घरी पलंगाच्या एका पायाखाली कवेलूचा, म्हणजे छपराच्या कौलाचा, तुकडा होता, वर्षानुवर्षं, सारवताना तो बाजूला काढायचा आणि परत तसाच ठेवायचा, उलटा ठेवला की पलंग डुगडुगायचा आणि आजी ओरडायची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिनमध्ये आमच्या आजीचं कवेलू! विश्वाचा राजा समोर लवंडलाय आणि म्हातारीला काळजी काय, तर टेबल कलू नये. हेच चित्र.

क्षण ठरला की लगेच मोठा कागद घेऊ नका. काडेपेटीएवढे रफ काढा, दहा-बारा तरी, जाड पेननं, ज्यात फक्त काळं कुठं आणि पांढरं कुठं एवढंच दिसेल. माझे पहिले सहा वरून बघितल्यासारखे होते, अख्खी खोली, चार माणसं, आणि खापर मुंगीएवढं. सातव्यात मी डोळा जमिनीवर आणला, म्हणजे बघणाराच जणू जमिनीवर बसलाय, आणि एकदम सगळं जागेवर आलं. पुढं टेबलाचा पाय मोठा, म्हातारीचा हात, वाकलेली पाठ, मागं बाजेची कड आणि तिच्यावरून खाली लोंबणारा ज्युपिटरचा फक्त हात, चेहरा चौकटीच्या बाहेर. देवाचा चेहरा काढायचा नाही म्हटल्यावर अर्धं टेन्शन गेलं, दाढी कशी, वय किती, काहीच भानगड नाही.

इथं एक-दोन गोष्टी तपासून घ्यायच्या असतात, नाहीतर जाणकार माणूस हसतो. मी आधी पाहुण्यांना खुर्च्यांवर बसवलं होतं, पाय खाली, पण ओव्हिडचे देव रोमन पद्धतीनं बाजेवर लवंडून जेवतात, सगळे पाय पुसावे लागले. मर्क्युरीला पंख लावायचा मोह होतो, पण ओव्हिड स्पष्ट सांगतो की तो पंख काढून ठेवून आला होता, काठी मात्र त्याच्याजवळ आहे, म्हणून मी भिंतीला टेकवलेली एक साधी काठी काढली आणि त्याच्या काठीला साप असतात म्हणून तिच्या सावलीत किंचित वेटोळं दिलं, ज्याला दिसेल त्याला दिसेल. म्हातारीला नऊवारी नेसवू नका प्लीज. खोचण्याची ऐट आपल्या आज्यांची घ्या, पण कपडा लांब अंगरखा आणि कमरेला दोरी. आणि शेवटी तुम्हाला झाडं काढायचीच असतील तर लिंडनचं पान बदामाच्या आकाराचं असतं खरं पण कडेला दाते असतात आणि पिंपळासारखं लांब शेपूट नसतं, आपला हात सवयीनं पिंपळच काढतो.

हंसाची गंमत वेगळीच. इथं नागपुरात कोराडी रोडला एका ढाब्यामागं पाळलेले हंस आहेत, तिथं दोन रविवार जाऊन स्केच केले, एकदा पँटला चोच पण मारून घेतली, राखणदार का म्हणतात ते समजलं. घरी येऊन फोटो ताडून बघतो तर आपल्याकडच्या पाळीव हंसांच्या चोचीच्या मुळाशी जो टेंगूळ असतो तो पूर्वेकडच्या चिनी जातीचा, युरोपातला पाळीव हंस करड्या रानहंसापासून आलेला, त्याला टेंगूळ नसतो. म्हणजे फ्रिजियातल्या झोपडीत तो चालत नाही. मान, चाल, रागीट नजर ढाब्यावरची ठेवली, टेंगूळ काढून टाकला. तसा गोष्टीत हंस टेबलानंतर येतो, म्हातारा-म्हातारी त्याला पाहुण्यांसाठी कापायला धावतात, तो त्यांना दमवतो आणि सरळ देवांकडे पळतो. मी त्याला आधीच बाजेखाली बसवून ठेवला, एवढी सूट चित्रकाराला असतेच.

आता कागद. छपाई ए-फाइव्ह म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, मी दीडपट काढलं, २२२ बाय ३१५. लहान करून छापलं की हाताची थरथर लपते, रेषा टवटवीत दिसते. पण लक्षात ठेवा की रेषापण तेवढीच बारीक होते, ०.३ ची ०.२ होते, आणि जिथं रेघा फार जवळ असतील तिथं शाई भरून काळा डाग होतो. साधा कार्ट्रिज कागद सरावाला ठीक, पण टाकाचं टोक त्याचे तंतू उचकटतं आणि रेषेला मिशा फुटतात, त्यामुळं फायनलला गुळगुळीत, निदान २०० जीएसएमचा कागद घ्या, बर्डीत स्टेशनरीच्या दुकानात सुटा शीट मिळतो. मागच्या बाजूला आधी एक रेघ मारून बघा.

पेन्सिल टू-एच, आणि हलक्या हातानं, कारण दाबून काढली तर कागदात चर पडते आणि शाई त्या चरीतून पळते.

शाई वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घ्या, कॅमलची बाटली कुठंही मिळते. यात काजळीसारखा कार्बन असतो आणि बांधायला लाख वगैरे, म्हणून वाळली की पाण्यानं हलत नाही आणि उन्हानं उडत नाही. म्हणूनच ती फाउंटन पेनमध्ये चुकूनसुद्धा भरायची नाही, आत वाळली की पेन मेलं समजा (बाबांचं जुनं पेन, शाळेत असताना, मीच, अजून ऐकतो). टाकाची नवीन निब असेल तर तिच्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, शाई थेंब होऊन घसरते, त्यासाठी टूथपेस्ट लावून पुसून घ्या.

मी दोन हत्यारं वापरली, बारीक कामाला स्टीलचा टाक आणि छपराला बोरू. बोरू हे काही जुनंपण मिरवायला नाही. रोमन लोक पपायरसवर बोरूनंच लिहायचे, लॅटिनमध्ये त्याला कॅलमस म्हणतात, ग्रीकमध्ये कालामोस, तोच शब्द अरबीतून फिरत फिरत आपल्याकडे कलम होऊन आला. आणि झोपडीचं छप्पर पण बोरूचंच, मग ते बोरूनंच काढू म्हटलं. डच चित्रकार रेम्ब्रांट उतारवयात असाच बोरू वापरायचा, व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लला शेतं काढली ती पण यानंच. नाल्याकाठचा बरू चालतो, पण नाग नदीत उतरू नका, एवढी कला करायची गरज नाही. मला एका ओळखीच्यांच्या शेताच्या धुऱ्यावर वाळलेला मिळाला. करंगळीपेक्षा बारीक कांडं घ्यायचं, धारदार चाकूनं एका बाजूनं लांब तिरका छेद, मग दोन्ही बाजू निमुळत्या, मधे एक छोटी चीर, आणि शेवटी टोक कडक पाटीवर ठेवून एका फटक्यात आडवं कापायचं. ही शेवटची कापणी हळू केली की टोक चिरडतं. माझे पाच गेले, सहावा जमला. वापरायच्या आधी टोक थोडा वेळ पाण्यात ठेवा. बोरूची रेषा सुरुवातीला गडद आणि ओली निघते, मग शाई संपत आली की कोरडी, खरखरीत, आणि गवताला नेमकं तेच पाहिजे, टाकानं शंभर रेघा मारून ते येत नाही.

नागपूरचा उन्हाळा हा या कामाचा वेगळाच चॅप्टर आहे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस चालू, पारा ४५ च्या वर, टाक बुडवून कागदापर्यंत नेईस्तोवर निबवरची शाई घट्ट होऊन राहिली. पंखा लावला तर अजून लवकर वाळते. कूलर लावला तर हवा दमट, कागद अंग धरतो, लाटा येतात, आणि एकदा तर वाऱ्यानं शीट उचलून ओल्या रेषेवर स्वतःच पडला. शेवटी पहाटे पाच ते आठ बसायचं ठरवलं, सगळं बंद. दौतीत शाई झाकणभरच काढायची, बाजूला ओलं फडकं, दर पाच-सात मिनिटांनी निब पाण्यात बुडवून पुसायची म्हणजे मधली चीर बंद होत नाही. घामाचा हात कागदावर ठेवायचा नाही, खाली टीपकागद ठेवायचा आणि तो घासत न्यायचा नाही, उचलून ठेवायचा. पावसाळ्यात करणार असाल तर उलटी भानगड, कागद ओल पकडतो आणि रेषा पसरते, म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून गादीखाली.

शाई करताना सुरुवात कुठून, तर बहुतेक लोक चेहऱ्यापासून सांगतात, मी नाही सांगणार. चेहरा बिघडला की माणूस खचतो. मी टेबलाच्या पायापासून सुरू केलं, सगळ्यात जाड रेषा तिथं, कारण तो सगळ्यात पुढं आहे, तिथून मागं जाईल तशी रेषा बारीक. खापर मात्र कोरं ठेवलं, फक्त बाहेरची रेषा, आत कागदाचा पांढरा, आणि त्याच्याभोवती जमिनीची सावली गडद. अख्ख्या चित्रात इतका पांढरा तुकडा दुसरा नाही, त्यामुळं डोळा आपोआप तिथं जातो, बाण दाखवायला लागत नाही.

उजेड एकाच ठिकाणाहून आणायचा, इथं चुलीतून, डावीकडून खालून. रेम्ब्रांटनं याच गोष्टीचं १६५८ मध्ये तैलचित्र केलं, ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्यात त्यानं दिवा मर्क्युरीच्या आड लपवलाय, नेटवर मोठं करून बघा, उजेड न दाखवता उजेड कसा दाखवायचा ते कळतं. शाईत आपल्याकडे तीनच सूर, कागद, रेघांचा करडा आणि भरीव काळा. काळा आधी ठरवा. माझ्याकडे तुळई, दाराबाहेरची रात्र आणि बाजेखालचा अंधार, हे तिन्ही ब्रशनं भरले, हंसाची मान त्या अंधारावर पांढरी. हॅचिंग, म्हणजे जवळजवळ रेघा मारून सावली करताना रेघ वस्तूच्या अंगानं फिरवा, पाठीवर वळती, जमिनीवर आडवी, भिंतीवर तिरकी, आणि नव्वद अंशात जाळी मारू नका, ती खिडकीच्या जाळीसारखीच दिसते. मधे मधे डोळे बारीक करून दुरून बघा, जिथं करडा आणि काळा एकच वाटतो तिथं हात थांबवा.

म्हातारपण काढताना सुरकुत्या मोजायच्या नाहीत. जितक्या जास्त रेघा तितकी म्हातारी रागीट होत जाते, माझी बॉकिस तिसऱ्या रफमध्ये कोणाला तरी शिव्या देत होती. चेहऱ्याला सात-आठ रेघा पुरे, बाकी वय हातात टाका, बोटांची पेरं सुजलेली, अंगठा जरा वाकडा, नखं आखूड. आजी गेली तेव्हा मी कॉलेजला होतो, फोटोत तिचे हात कुठंच नाहीत, सगळ्या फोटोंत पदराखाली, म्हणून आईला जमिनीवर बसवून एक फरशीचा तुकडा पलंगाखाली सरकवायला लावला. "काहून करून राहिला बे हे?" म्हणत तिनं चारदा केलं. चौथ्यांदा तिनं डावा हात पलंगाला लावून वजन उचललं आणि उजव्यानं सरकवलं, असंच करतात ना खरं, आणि मी तोवर एकाच हातानं काढत होतो.

चुकलं तर घाबरू नका. जाड कागद असेल तर नव्या ब्लेडनं अगदी हलकं खरवडून वर नखानं घोटायचं, नाहीतर पांढऱ्या पोस्टर कलरचा घट्ट हात, दोन थर. पेन्सिल खोडायची घाई करू नका, रात्रभर जाऊ द्या, आणि खोडल्यावर काळे भाग थोडे फिके पडतात ते परत भरून घ्या. स्कॅन ६०० डीपीआयला. आमच्या पहिल्या प्रिंटमध्ये छापणाऱ्यानं काय केलं कोण जाणे, छपराचा अख्खा उजवा कोपरा डांबर झाला होता, त्यात चूक माझीपण होती, कोरड्या रेघांवर मी परत टाक फिरवला होता. तो कोपरा पांढऱ्यानं उघडला, बोरूनं परत वीस-पंचवीस रेघा, मग ठीक आलं.

आणि एक गोष्ट जी मी शाई करायच्या आधी करायला पाहिजे होती आणि केली नाही. पेन्सिलचं चित्र कोणत्या तरी लहान पोराला दाखवा, ज्याला गोष्ट माहीत नाही, आणि फक्त विचारा की काय चाललंय. पुस्तिका छापून झाल्यावर शेजारच्या दुसरीतल्या पोरानं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "आजी टेबलाखाली काहीतरी लपवून राहिली, आणि बदकानं पाहून घेतलं."

बरोबर होतं त्याचं. टेबलाचा पाय आणि जमीन यांच्यात फट दिसतच नव्हती, मी खापर आधीच पूर्ण आत सरकवून टाकलं होतं. दुसऱ्या छपाईसाठी नवीन शीट घेतलाय, आता खापर अर्धं बाहेर आहे आणि पाय जमिनीपासून दोन मिलिमीटर वर.